रक्त दिलं, फोन आला नाही

ती बातमी मी अमरावतीच्या आवृत्तीसाठी लिहिली तेव्हा तिचे सात परिच्छेद होते. छापून आले सहा.

सातवा परिच्छेद पाच ओळींचा होता. ‘हे संशोधन अजून प्रयोगशाळेतच आहे. रुग्णांसाठी अशी कोणतीही चाचणी आज उपलब्ध नाही. स्तनात गाठ जाणवली, आकार बदलला किंवा स्राव आला, तर रक्ताच्या चाचणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं.’ संशोधन करणाऱ्या मॅडमनी ही वाक्यं मला सांगितली होती. मी लिहून घेतली आणि त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ‘त्याच आठवड्यात’ हे शब्द नंतर घालायला लावले.

माझी मोठी बहीण अकोटला राहायची. ब्लाउज शिवायची. माझ्या नावाने येणारी प्रत्येक बातमी ती कात्रीने कापून एका वहीत चिकटवायची, मग ती बाजार समितीची असो की पाणीपुरवठ्याची. ही बातमीही तिने कापली. तेव्हा तिच्या डाव्या स्तनात गाठ होती आणि ते तिच्या शेजारणीशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मॅडमची प्रयोगशाळा विद्यापीठातल्या एका विज्ञान विभागाच्या मागच्या बाजूला होती. दोन खोल्या, एक एसी, आणि टेबलावर मिक्सरच्या खोक्याएवढं यंत्र. मॅडम पन्नाशीच्या आतल्या. प्रश्न पूर्ण ऐकून घेऊन मग बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलेलं काम ऐकायला सोपं होतं. रक्त यंत्रात फिरवायचं आणि वर आलेलं पिवळसर पाणी वेगळं काढायचं. त्याचा मोहरीएवढा थेंब हिऱ्याच्या बारीक तुकड्यावर ठेवून वाळू द्यायचा. मग खालून अवरक्त प्रकाश सोडायचा. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. चुलीसमोर बसल्यावर जी ऊब लागते तो त्याचाच प्रकार. रक्तातली प्रथिनं, चरबी, साखर आपापल्या वाट्याचा प्रकाश शोषून घेतात. कुणी किती शोषला त्याची रेघ पडद्यावर उमटते. ती रेघ मला अकोटहून उत्तरेला दिसणाऱ्या सातपुड्यासारखी वाटली. दोन उंच सुळके, मधे सपाटी, मग लहान लहान टेकड्या.

त्यांनी दोन रेघा एकावर एक ठेवून दाखवल्या. एक स्तनाचा कर्करोग असलेल्या बाईची, एक निरोगी बाईची. मला एकच रेघ दिसली.

“मलाही एकच दिसते,” मॅडम म्हणाल्या. “हा फरक डोळ्यांना दिसणारा नाही. कॉम्प्युटरला खूप रेघा दाखवाव्या लागतात, तेव्हा तो दोन ढीग करायला शिकतो. आणि चुकतो. चुकतो हे नक्की लिहा.”

मी लिहिलं. पण शेवटी लिहिलं. आमच्या कामात महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली अशी सवय पहिल्या महिन्यातच लागते, कारण जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. सावधगिरीची वाक्यं आम्ही सगळेच शेवटी टाकतो. ती बातमी नसते, अशी आमची समजूत.

त्या संध्याकाळी पानावर एका शाळेची जाहिरात ऐनवेळी आली. डेस्कच्या प्रमुखांनी पान लावायला घेतलं आणि मला हाक मारली.

“पाच ओळी जास्त आहेत. काढतो.”

“शेवटचा परिच्छेद राहू द्या. महत्त्वाचा आहे.”

“महत्त्वाचा आहे त वर काहून नाही लिहिला?” त्यांनी मान वर न करता विचारलं. “आता काय, मथळा काढू?”

शेजारी बसलेले दोघे हसले. मीही हसलो. पान माझ्यासमोर छपाईला गेलं. मधला एखादा परिच्छेद मला सुचवता आला असता; विभागप्रमुखांच्या अभिनंदनाचा तर सहज निघाला असता. मी तेवढा वेळ थांबलो नाही. मथळा होता, ‘रक्ताचा एक थेंब सांगणार स्तनाचा कर्करोग’.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कचेरीत फोन येत होते. चाचणी कुठे होते, उपाशीपोटी यायचं का, धामणगावला सोय होईल का. ज्यांनी फोन केला त्या प्रत्येकाला मी सांगितलं की अजून असं काही नाही, डॉक्टरांकडे जा. माझ्या बहिणीने फोन केला नाही. भावाच्या बातमीबद्दल तिला कुणाला काही विचारायची गरज नव्हती.

मॅडमचा फोनही आला. “शेवटचा परिच्छेद?”

“जागा नव्हती, मॅडम.”

मग उद्या चार ओळींचा खुलासा टाकता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, “खुलासा कशाचा? चुकीचं काय छापलं?” ते बरोबर होतं. छापलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

मॅडमनी मनात राग धरला नाही. काही महिन्यांनी त्यांनी मला एक काम सांगितलं. रक्त देणाऱ्या बायकांकडून सही घ्यायचं सहमतीपत्र इंग्रजीत होतं आणि कुणीतरी केलेलं त्याचं मराठी वाचवत नव्हतं. मी एका रविवारी ते नीट करून दिलं. बारा कलमं होती. चौथं मला आठवतं, कारण त्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. ‘हा अभ्यास निदानासाठी नाही. तुमच्या नमुन्यावर नाव नसून केवळ क्रमांक असेल. कोणत्याही सहभागी व्यक्तीस तिचा वैयक्तिक निकाल कळवण्यात येणार नाही.’ मॅडमनी वाचलं आणि आता हे मराठी वाटतं, असं त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं होतं.

त्यांची अडचण निराळीच होती. रोग असलेल्या बायकांचे नमुने रुग्णालयांतून मिळत होते. तुलनेसाठी त्याच वयाच्या निरोगी बायका मिळत नव्हत्या. काही झालेलं नसताना कोण रक्त देईल? ओळखीत कुणी असेल तर बघा, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं.

भाऊबीजेला मी अकोटला गेलो. जेवताना हा विषय मीच काढला, नुसता बोलायला विषय म्हणून.

ताई वाढत होती. ती म्हणाली, “माहं चालते काय?”

“काय?”

“रक्त. मी पन्नासच्या वरती आहो. निरोगी आहो.”

भाऊजींचा घास हातात राहिला. “घ्या! डॉक्टरनं सुई काढली का हिले घाम फुटते, अन् हे रक्त देते म्हणते.”

“सुईचा भेव मले?” ताई म्हणाली. “तीस वर्षं झाले, सुईवरच त घर चालून राहिलं तुमचं.”

सगळे हसले. मला तिचा अभिमान वाटला. गावातल्या शिकलेल्या बायका नाही म्हणत होत्या आणि माझी सातवी शिकलेली बहीण आपणहून तयार झाली होती. तिने इतक्या तातडीने का विचारलं, हा प्रश्न मला पडला नाही. लोकांना प्रश्न विचारणं हा माझा धंदा होता.

पंधरा दिवसांनी ती एकटी अकोटहून दर्यापूरमार्गे एसटीने आली. उपाशीपोटी. मी स्टँडवर घ्यायला गेलो. प्रयोगशाळेत एका संशोधक मुलीने तिला आतल्या खोलीत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत कोणत्या अवयवाबद्दल बोलणं होणार हे मला माहीत होतं, म्हणूनच मी बाहेर होतो. आमच्या घरात तो शब्द भावाबहिणीत कधी उच्चारला गेला नव्हता. मी तो बातमीत आणि सहमतीपत्रात अनेकदा लिहिला होता.

आत त्या मुलीने कलमं वाचून दाखवली. मधल्या दारातून मला तिचा आवाज ऐकू येत होता. ती भरभर पण स्पष्ट वाचत होती. चौथं कलमही ऐकू आलं. ‘कळवण्यात येणार नाही.’ वाक्य कानाला चांगलं वाटलं. नंतर माहितीचा तक्ता होता. गाठ आहे का, दुखतं का, स्राव येतो का. ताईचा आवाज तीन वेळा आला, “नाही.”

गाठ आहे म्हटलं असतं तर निरोगी गटात घेतलं नसतं. आणि रक्त तपासून घ्यायचं तर त्या गटात जायलाच हवं होतं. हे तिचं गणित होतं. ते मला वर्षभराने कळलं.

रक्त दिल्यावर आम्ही राजकमल चौकाकडे गेलो. तिने गिला वडा खाल्ला आणि दही आंबट असल्याची तक्रार केली. दुपारच्या गाडीसाठी स्टँडवर आलो. गाडी लागली होती. मी फोनवर होतो, जिल्हा परिषदेतून कुणीतरी आकडे सांगत होतं. ताई पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, “काही निघालं त फोन करतीन ना थे? त्यायले नंबर देल्ला आहे म्या.”

मी फोन कानापासून थोडा दूर केला. “हो ना. काही असलं त सांगतीनच.”

ती आत गेली. खिडकीशी जागा मिळाली तिला.

आमच्या भागात पॅथॉलॉजीची एक रीत आहे. रिपोर्ट चांगला असेल तर तो दुकानात पडून राहतो. तुम्ही जाल तेव्हा घ्या. वाईट असेल तर त्याच संध्याकाळी लॅबवाल्याचाच फोन येतो, “जरा येऊन जा.” त्यामुळे फोन न येणं हाच आमच्याकडे चांगला रिपोर्ट. ताईने या रीतीप्रमाणे वाट पाहिली. एक महिना गेला, दोन गेले. फोन आला नाही. तिची काळजी मिटली.

रक्त दिल्याला साडेदहा महिने झाले तेव्हा भाऊजींचा फोन आला. “ताईले अकोल्याले आणलं. तुमी या.” का आणलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनाही तो शब्द माझ्यापाशी बोलता येत नव्हता.

अकोल्याच्या त्या रुग्णालयात बाहेरच्या लाकडी बाकावर ताई, भाऊजी आणि शेजारीण बसले होते. शेजारणीचं घर ताईच्या भिंतीला लागून. तिच्या नवऱ्याचं रजया भरायचं दुकान. तीस वर्षांत दोघींनी एकमेकींच्या मुलींचे कपडे शिवले होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आत बोलावलं तेव्हा पहिल्यांदा मीही आत गेलो.

“गाठ कधीपासून आहे?”

“दीड वर्ष झालं असन,” ताई म्हणाली.

“मग दाखवली का नाही?”

“दाखवली ना. रक्त देल्लं अमरावतीले. तिथून काही आलं नाही.” आणि तिने माझ्याकडे बोट केलं. “हा होता संगं. याले माहीत आहे.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “कोणतं रक्त?”

मी सांगायला सुरुवात केली. वाक्य पूर्ण होईना. संशोधन होतं, तपासणी नव्हती, एवढं मी म्हटलं. डॉक्टरांनी विचारलं, “हे तुम्ही यांना सांगितलं होतं?” ताई माझ्याकडे पाहत होती, साक्षीदार आपल्या बाजूने बोलेल अशा खात्रीने.

“सहमतीपत्रात होतं,” मी म्हणालो.

बाहेर आल्यावर शेजारणीने मला गाठलं. ती मोठ्याने बोलणारी बाई. त्या दिवशी हळू बोलत होती.

“भाईसाब, एक बात बोलूं? साल भर मैं इसके पीछे लगी थी. अकोले चल, मैं आती साथ में. तो ये तुम्हारा पेपर निकाल के दिखाती थी. बोले, अब खून से समझता, भाऊ ने लिखा है. फिर खून भी दे आई. फिर बोले, देख, फोन नहीं आया. मैं तो झूटी पड़ गई ना तुम्हारे पेपर के सामने.”

तिने एकदा ताईच्या बाकाकडे पाहिलं.

“और अपने ब्लाउज की एक बाजू हर दो महीने में उधेड़ के ढीली करती थी. दूसरों को बोलती, मशीन बिगड़ी है.”

तुकडा तपासायला गेला. त्याचा फोन त्याच आठवड्यात आला. रोग काखेतल्या गाठींपर्यंत गेला होता. शस्त्रक्रिया झाली, औषधांचे फेरे झाले, तिचे केस गेले. “आधी आली असती तर?” असं मी डॉक्टरांना एकदा विचारलं. त्यांनी उत्तर देण्याआधी पेन बंद केलं. “आधी आलेलं नेहमीच बरं,” एवढंच म्हणाले. त्यांना नेमकं बोलता आलं असतं. त्यांनी ते टाळलं हे मला कळलं.

त्यानंतर मी मॅडमकडे गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे पूर्ण ऐकून घेतलं. मग उठून त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि एक चित्र उघडलं. ठिपक्यांचे दोन पुंजके होते, डावीकडे रुग्ण, उजवीकडे निरोगी. उजव्यांपैकी एक ठिपका डावीकडे जाऊन बसला होता.

“हा नमुना आम्ही तीनदा लावून बघितला,” त्या म्हणाल्या. “दरवेळी तिकडेच गेला. आम्हाला वाटलं, रक्त काढताना खराब झालं असेल. म्हणून हिशेबातून बाजूला काढला.”

“हा तिचा?”

“माहीत नाही.”

“क्रमांक असेल ना?”

“क्रमांक आहे. कोणता क्रमांक कुणाचा, ती यादी नमुने संपल्यावर नष्ट केली. नियमच तसा आहे. तुम्हीच लिहिला होता मराठीत, आठवं कलम.” हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. मग पुढे म्हणाल्या, “आणि असे ठिपके दुसऱ्या कशानेही इकडचे तिकडे जातात. साधा ताप असला तरी. तो तिचा नसेलही. तिचा असेल तर यंत्र बरोबर होतं आणि मी त्याला चूक ठरवलं. नसेल तर यंत्राने तिला ओळखलं नाही. दोन्हींतलं काय, ते मला कधीच कळणार नाही.”

मी विचारलं, त्या वेळी खात्री पटली असती तर कळवलं असतं का? त्यांनी ते चित्र बंद केलं. “खात्री कशी पटणार? खात्री पटावी म्हणून तर हे सगळं चाललंय.”

पुढे त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात मर्यादांच्या परिच्छेदात त्यांनी एक वाक्य घातलं की निरोगी गटातल्या एका स्त्रीला नंतर रोग असल्याचं समजलं आणि तिचा नमुना ओळखून वेगळा करता आला नाही. त्या वाक्यामुळे निबंध कमजोर होतो असं त्यांना सहकाऱ्यांनी सांगितलं होतं. त्यांनी ते ठेवलं. मी ते वाक्य अनेकदा वाचलं आहे.

दुसऱ्या वर्षी रोग ताईच्या पाठीच्या कण्यात गेला. तिला बसून शिवता येईना. मी आठवड्यातून एकदा अकोटला जायचो. शिलाई मशीन घडी करून त्यावर चादर टाकली होती आणि चादरीवर औषधं. एका दुपारी भाऊजी औषधाच्या दुकानात गेले होते. शेजारीण चहा ठेवून गेली होती. ताईने मला विचारलं, “त्या दिवशी स्टँडवर. तुले माहीत होतं काय, थे फोन करत नाही म्हणून?”

आवाजात आरोप नव्हता. मापाची फीत हातात घेऊन ती गिऱ्हाइकाला विचारायची तसं विचारलं, बाही किती ठेवू.

मी म्हणालो, “नाही.”

तिने डोळे मिटले. “मंग ठीक आहे. मले वाटलं, माहीत होतं तुले.” थोड्या वेळाने म्हणाली, “काहून चेहरा पाडून बसला? तुले माहीतच नव्हतं त तुहा काय दोष? चहा पी, थंडा होऊन राहिला.”

मी चहा प्यायलो.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात ती गेली. तेराव्यानंतर भाऊजींनी तिच्या रिपोर्टांची फाइल माझ्याकडे दिली, आता हे कुणाला लागतं म्हणून. अकोल्याचे कागद वर होते. सर्वांत खाली सहमतीपत्राची तिची प्रत होती, घडी केलेली. चौथ्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. शिवणाच्या खडूशेजारी तिची जी बोथट पेन्सिल असायची, तिची.

ती रेघ तिने कधी ओढली, रक्त देण्याच्या दिवशी, अकोल्याहून आल्यावर, की मला विचारण्याच्या आधी, हे मला माहीत नाही. ते वाक्य कुणी लिहिलं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं नव्हतं.